स्वखर्चाचे पुस्तक आणि ई-पुस्तक

(संस्थेच्या वर्षावास कार्यक्रमात उपासक-उपासिका व विद्यार्थी यांच्यासमोर केलेले भाषण)



आपल्यातील लिहिणारी माणसे आपले पुस्तक स्वतःच ई-पुस्तकाच्या रूपाने का काढतात आणि का काढत नाहीत, हा विषय संस्थेने आम्हांस दिला आहे. वरवर पाहता हा विषय संगणकवाल्यांचा वाटेल. पण थोडा विचार केला तर ध्यानात येईल की, प्रश्न यंत्राचा नाही. कोणाचे म्हणणे पुस्तकात येते, कोणाचे येत नाही, आणि आलेले म्हणणे वाचणाऱ्याच्या हाती पोचते की नाही, असा हा प्रश्न आहे. म्हणून आधी थोडे मागे जाऊ आणि मग आजच्या गोष्टीकडे येऊ.

स्वखर्चाची परंपरा

"प्रकाशक मिळाला नाही, म्हणून स्वतःच छापले," असे वाक्य आपल्याकडे नाक मुरडून बोलले जाते. जणू स्वतः पुस्तक काढणे म्हणजे नापास झालेल्या लेखकाचे काम! ही समजूत आपल्या समाजाने तरी मनातून काढून टाकावी, असे आम्हांस वाटते.

तारीख नोंदलेले जगातील सर्वांत जुने संपूर्ण छापील पुस्तक कोणते? तर ते एक बौद्ध सूत्र आहे. वज्रच्छेदिका सूत्राची ही चिनी प्रत इ.स. ८६८ सालची. चीनमधील तुनहुआंग येथील गुहेत ती सापडली आणि आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. तिच्या शेवटी अशी नोंद आहे की, वांग जिए नावाच्या गृहस्थाने आपल्या आईवडिलांच्या नावे, सर्वांना मोफत वाटण्यासाठी ती करविली. म्हणजे छापील ग्रंथाच्या इतिहासाच्या आरंभीच पदरमोड करून दिलेले धम्मदान उभे आहे. यात कमीपणा कसला?

आपल्या महाराष्ट्रात या. महात्मा जोतीराव फुले यांनी १८५५ साली 'तृतीय रत्न' हे नाटक लिहून दक्षिणा प्राइज कमिटीकडे पाठविले. कमिटीने ते स्वीकारले नाही. ते नाटक प्रथम छापून आले १९७९ साली, 'पुरोगामी सत्यशोधक' या नियतकालिकात. मध्ये १२४ वर्षे गेली! 'शेतकऱ्याचा असूड'चे सुरुवातीचे भाग 'दीनबंधू'त आले आणि पुढचे छापणे थांबले. संपूर्ण असूड जोतीरावांच्या हयातीत पुस्तकरूपाने निघू शकला नाही. जेथे दुसऱ्याने छापायचे ठरविले, तेथे वर्षे गेली. ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

आणि बाबासाहेबांचे उदाहरण तर सर्वांत बोलके आहे. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने त्यांना अध्यक्षीय भाषणासाठी बोलावले. भाषणातील काही भाग मंडळाला पचेना. बदल करा, असे सुचविण्यात आले. बाबासाहेबांनी बदल करण्यास नकार दिला आणि परिषदच रद्द झाली. तेव्हा त्यांनी ते न झालेले भाषण स्वखर्चाने छापून प्रसिद्ध केले. तोच 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट' हा ग्रंथ. इंग्रजी आवृत्तीच्या १,५०० प्रती दोन महिन्यांत संपल्या. गांधीजींनी 'हरिजन'मध्ये त्यावर लिहिताना किंमत आठ आणे जास्त आहे, ती कमी करावी, असेही सुचविले होते. १९३७ साली दुसरी आवृत्ती निघाली, तीत गांधीजींचे लेख आणि बाबासाहेबांचे उत्तर दोन्ही आले. १९४४ साली तिसरी आवृत्ती निघाली. एखाद्या मंडळाच्या मर्जीवर ते भाषण अवलंबून राहिले असते, तर आज आपल्या हाती काय असते?

पण त्याच बाबासाहेबांच्या आयुष्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे, कारण स्वखर्च हा शब्द उच्चारायला सोपा आहे. 'दि बुद्ध अँड हिज धम्म' हा ग्रंथ तयार झाला तेव्हा छपाईचा खर्च सुमारे २०,००० रुपये येणार होता. १४ सप्टेंबर १९५६ रोजी त्यांनी पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहून, सरकारने सुमारे ५०० प्रती विकत घेऊन ग्रंथालयांना द्याव्यात, अशी विनंती केली. दुसऱ्याच दिवशी नेहरूंचे उत्तर आले की, बुद्धजयंतीच्या प्रकाशनांसाठी ठेवलेली रक्कम संपली आहे. डिसेंबरात बाबासाहेब गेले. ग्रंथ निघाला १९५७ साली. घटनेच्या शिल्पकारास छपाईच्या पैशासाठी पत्रे लिहावी लागली, तेथे तुमची आमची काय कथा!

ई-पुस्तक का काढावेसे वाटते?

हा इतिहास डोळ्यांपुढे ठेवला म्हणजे ई-पुस्तकाची ओढ का वाटते, हे सहज कळते.

पहिले कारण पैशाचे. आम्ही बँकेत आकडेमोड करणारी माणसे. तेव्हा एक हिशेब मांडतो. आकडे केवळ समजुतीसाठी आहेत. समजा, ५०० प्रतींचा छपाईखर्च ४०,००० रुपये आला. म्हणजे प्रत ८० रुपयांना पडली. किंमत ठेवली १५० रुपये. विक्रेत्याला ४० टक्के सूट दिली तर लेखकाच्या हाती प्रतीमागे ९० रुपये येतात. म्हणजे गुंतवलेले पैसे नुसते परत मिळण्यासाठी ५०० पैकी ४४५ प्रती विकल्या गेल्या पाहिजेत. आता आपला लेखक कोण? शिक्षक, कारकून, कामगार, निवृत्त शिपाई. तो भविष्यनिर्वाह निधीतून पैसे काढतो, पुस्तक छापतो, सप्रेम भेट म्हणून शंभर प्रती वाटतो आणि उरलेले गठ्ठे पलंगाखाली जातात. पावसाळ्यात त्यांना ओल लागते. घरातली माणसे काही बोलत नाहीत, पण त्यांचे न बोलणेही लेखकाला ऐकू येते.

ई-पुस्तकाला कागद नाही, बांधणी नाही, गठ्ठे नाहीत. ॲमेझॉनच्या किंडलवर डिसेंबर २०१६ पासून मराठी पुस्तके मिळू लागली. तेथे लेखक स्वतः पुस्तक चढवू शकतो आणि विक्रीतून ३५ टक्के, किंवा काही अटी पाळल्यास ७० टक्के वाटा त्याला मिळतो. समजा, कर वजा जाता किंमत १०० रुपये असली तर ३५ टक्क्यांप्रमाणे ३५ रुपये. मिळकत लहान खरी, पण आधी ४०,००० घालावे लागत नाहीत.

दुसरे कारण परवानगीचे. कोणत्याही कमिटीपुढे, मंडळापुढे उभे राहावे लागत नाही. "भाषा प्रमाण नाही", "विषय आमच्या वाचकांचा नाही", "थोडे सौम्य करा" ही वाक्ये ऐकावी लागत नाहीत. वस्तीची भाषा वस्तीच्या तोंडची म्हणून जशीच्या तशी राहते.

तिसरे कारण पोचण्याचे. आपली मुले आज दुबईत, लंडनमध्ये, अमेरिकेत आहेत. पौडहून तेथे एक पुस्तक टपालाने पाठवायचे तर टपालखर्च पुस्तकाच्या किमतीला मागे टाकतो. ई-पुस्तक त्याच क्षणी पोचते. चूक राहिली तर दुरुस्त करून पुन्हा चढविता येते. छापील पुस्तकात राहिलेली चूक शुद्धिपत्राच्या चिठ्ठीनेच झाकावी लागते.

मग का टाळतात?

एवढे फायदे असताना आपले बहुसंख्य लेखक अजूनही छापील पुस्तकच का पसंत करतात? ते जुन्या वळणाचे आहेत म्हणून, असे उत्तर देणे सोपे आहे. आम्हांस ते मान्य नाही. त्यांची कारणे शहाणपणाची आहेत.

आपले पुस्तक विकले जाते कोठे? ६ डिसेंबरला चैत्यभूमीजवळ शिवाजी पार्कवर, धम्मचक्र प्रवर्तनदिनी नागपूरला दीक्षाभूमीवर, १ जानेवारीला आपल्याच जिल्ह्यात भीमा कोरेगावला, २५ डिसेंबरला देहूरोडला, जेथे १९५४ साली बाबासाहेबांच्या हस्ते बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना झाली. ज्या माणसाने वर्षभर पुस्तकाच्या दुकानाची पायरी चढलेली नसते, तो तेथे पथारीपुढे उकिडवा बसतो, पाने चाळतो आणि डबा-पाण्याचे पैसे वाचवून पुस्तक घेतो. ही आपली बाजारपेठ आहे आणि ती चालत येणाऱ्या माणसांची आहे. ई-पुस्तकाला पथारी नाही. किंडलवर लाखो पुस्तकांच्या गर्दीत आपले पुस्तक शोधायला आधी त्याचे नाव ठाऊक असावे लागते. आणि ठाऊक नसलेले पुस्तक समोर येणे हेच तर पथारीचे काम!

दुसरे असे की, आपल्याकडे पुस्तक एकट्याने वाचण्याची वस्तू नाही. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत विहारात ग्रंथवाचन होते. एक जण वाचतो, वीस जण ऐकतात. उद्या वाचणारा दुसरा असतो, तोच ग्रंथ त्याच्या हाती जातो. लग्नात, गृहप्रवेशात, जयंतीला पुस्तक भेट दिले जाते आणि पहिल्या पानावर "सप्रेम जयभीम" लिहून सही केली जाते. फोनमधल्या पुस्तकावर सही कोठे करायची?

तिसरी अडचण अक्षरांची आहे. आपल्याकडील डी.टी.पी. वर्षानुवर्षे श्रीलिपीसारख्या फाँटमध्ये झाले. ती फाइल जशीच्या तशी ई-पुस्तकाला चालत नाही. ती युनिकोडमध्ये बदलावी लागते आणि बदलताना रफार उडतो, जोडाक्षरे फुटतात, 'धम्म'चे काहीतरी भलतेच होते. पुन्हा सगळे पुस्तक शब्दन्‌शब्द तपासावे लागते. त्या कामाचे पैसे द्यावेच लागतात, म्हणून ई-पुस्तक फुकटात होते हा गैरसमज आहे. शिवाय पॅन कार्ड, बँक खाते यांवरील नावे जुळावी लागतात, कंपनी परदेशी असल्याने कराची माहिती भरावी लागते. साठीच्या पुढचा लेखक तेथेच हात टेकतो.

चौथी गोष्ट फुकट्या वाचनाची. कोणतेही पुस्तक निघाले की, "पी.डी.एफ. आहे का?" असा पहिला प्रश्न आपले विद्यार्थीच विचारतात. विद्यार्थी मित्रहो, रागावू नका. ज्याच्या खिशात परीक्षेच्या फॉर्मचे पैसे नसतात, त्याने असे विचारणे आम्ही समजू शकतो. ज्यांना मोफतच द्यायचे आहे त्यांच्यासाठी मार्गही आहेत. ई साहित्य प्रतिष्ठानासारख्या संस्था लेखकाच्या संमतीने मराठी पुस्तके विनामूल्य पोचवितात. पण संमतीने देणे म्हणजे दान. न विचारता घेणे म्हणजे काय, हे दुसरे शील रोज म्हणणाऱ्यांना आम्ही सांगायला नको. घरकामाच्या पैशांतून टंकलेखनाचे बिल भरणाऱ्या बाईचे पुस्तक व्हॉट्सॲपवर पुढे ढकलताना, इतके तरी मनात यावे.

पाचवी गोष्ट मान्यतेची आणि टिकण्याची. १९५४ च्या कायद्याप्रमाणे प्रत्येक प्रकाशकाने छापील पुस्तकाच्या प्रती कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयासह ठरावीक ग्रंथालयांना द्यावयाच्या असतात. स्वतः छापणारा लेखकही यात प्रकाशकच ठरतो. त्यामुळे पथारीवर विकले गेलेले पुस्तकसुद्धा शंभर वर्षांनी एखाद्या अभ्यासकाला सापडू शकते. ई-पुस्तक मात्र कंपनीच्या यंत्रात असते. जुलै २००९ मध्ये अमेरिकेत काय घडले ते ऐका. जॉर्ज ऑर्वेलची दोन पुस्तके हक्क नसलेल्या कोणी किंडलवर चढविली होती. हे कळताच ॲमेझॉनने ती वाचकांच्या यंत्रांतून परस्पर पुसून टाकली. वाचकांना पैसे परत मिळाले, पण विकत घेतलेले पुस्तक रातोरात नाहीसे होऊ शकते, हे जगाला कळले. त्यातील एक पुस्तक होते '१९८४', ज्यात सत्ताधारी गैरसोयीचा मजकूर नष्ट करतात! ज्या समाजाचा इतिहास आधीच पुसला गेला आहे, त्याने आपली एकुलती एक प्रत दुसऱ्याच्या यंत्रात ठेवू नये.

करातही फरक आहे. छापील पुस्तकावर जी.एस.टी. लावला गेला नाही. ई-पुस्तकाबाबत २०१८ साली असे ठरले की, ज्याची छापील आवृत्ती आहे त्यावर ५ टक्के, आणि जे केवळ ई-पुस्तक आहे त्यावर १८ टक्के. म्हणजे कागदावर न आलेल्या पुस्तकाला सरकारदरबारीही पुरते पुस्तक मानले गेले नाही.

खरी उणीव कोणती?

मित्रहो, दोन्ही बाजू तपासल्यावर आमचे मत असे झाले आहे की, छापील की ई-पुस्तक हा वाद दुय्यम आहे. स्वतः पुस्तक काढणारा लेखक दोन्हीकडे एकाच गोष्टीला मुकतो, ती म्हणजे सोबत. प्रकाशक नुसता छापत नाही. तो हस्तलिखित वाचतो, प्रश्न विचारतो, मुद्रिते तपासतो, वाचकापर्यंत नेतो. ग्रंथालीने १९७८ साली दया पवारांचे 'बलुतं' काढले, तेव्हा त्यामागे वाचक चळवळ उभी होती. बेबीताई कांबळे यांनी घरच्यांच्या नजरेआड लिहिलेले 'जिणं आमुचं' कित्येक वर्षे लपवून ठेवलेले होते. लिहिणे झाले होते, धीर देणारे कोणी नव्हते. ते मिळाल्यावर १९८२ साली 'स्त्री' मासिकातून ते क्रमशः आले आणि १९८६ साली त्याचे पुस्तक झाले. त्या वेळी हाताशी फोन असता, तर बेबीताईंनी ते रातोरात चढविले असते का? आम्हांस वाटते, नसते. अडसर यंत्राचा नव्हता.

ही सोबत प्रकाशक देत नसेल, तर ती संस्थेने दिली पाहिजे. याच कारणासाठी हे भाषण आम्ही आपल्यासमोर करीत आहोत.

आपल्या मुळशी तालुक्याकडे पाहा. एका टोकाला हिंजवडी आहे, जेथे जगभरच्या कंपन्यांचे संगणक चालतात. दुसऱ्या टोकाला धरणाचे पाणी आहे. त्या पाण्याविरुद्ध १९२१ साली शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला. सेनापती बापटांचे नाव सर्वांना ठाऊक आहे. विनायकराव भुस्कुटे यांनी सत्याग्रहावर लिहिले, पुढे राजेंद्र व्होरा यांनी अभ्यासपूर्ण ग्रंथ लिहिला. पण बुडालेल्या गावांच्या कडेला ज्या आपल्या वस्त्या होत्या, ज्यांच्या नावावर जमीनच नव्हती, त्यांचे काय झाले? ते कोठे गेले, कोणाच्या पडवीत राहिले? हे ज्यांनी आजीच्या तोंडून ऐकले, ती माणसे आता म्हातारी झाली आहेत. १९५६ साली जो पंधरा वर्षांचा मुलगा धम्मदीक्षेला गेला, तो आज ऐंशीच्या पुढे आहे. त्याला ई-पुस्तक काढता येणार नाही. छापील पुस्तकासाठी त्याच्याकडे पैसे नाहीत. आणि त्याच्या नातवाच्या खिशात असा फोन आहे, ज्यावर आजोबांचे सगळे बोलणे रेकॉर्ड करून ठेवता येईल!

म्हणून आमच्या काही साध्या सूचना आहेत. एक, विद्यार्थ्यांनी आपल्या घरातील, वस्तीतील एका वृद्धाचे बोलणे रेकॉर्ड करावे आणि युनिकोडमध्येच उतरवून काढावे, म्हणजे पुढे फाँटचे रडगाणे राहणार नाही. दोन, संस्थेने तीन वाचकांचे मंडळ नेमावे, त्यांत एक तरी महिला असावी. त्यांनी हस्तलिखित वाचून मोकळेपणाने शंका विचाराव्यात, पण भाषा पुसू नये. तीन, आज डिजिटल छपाईमुळे शंभर प्रतीही काढता येतात. तेवढ्याच काढाव्यात, त्या जयंतीच्या आणि १ जानेवारीच्या पथारीवर ठेवाव्यात, खपल्या तर पुन्हा शंभर काढाव्यात. म्हणजे पलंगाखाली गठ्ठे जाणार नाहीत. चार, त्याच फाइलचे ई-पुस्तक करावे, ते दूरच्यांसाठी. हक्क मात्र लेखकाच्याच नावे ठेवावेत, आणि काही काळ इतरत्र विकणार नाही असे बांधून घेणारी अट असेल तर ती वाचूनच होकार द्यावा. पाच, आय.एस.बी.एन. क्रमांक शासनाच्या राजा राममोहन रॉय एजन्सीकडून विनामूल्य मिळतो, तो घ्यावा. प्रती कायद्याप्रमाणे ग्रंथालयांत पाठवाव्यात, आणि एक प्रत आपल्या विहाराच्या कपाटात ठेवावी. कपाटाला कुलूप नसावे.

यासाठी लागणारा पैसा मोठा नाही. जयंतीच्या वर्गणीतील थोडा भाग दरवर्षी एका पुस्तकासाठी बाजूला ठेवला तरी काम होईल. 'दि बुद्ध अँड हिज धम्म'च्या प्रती तैवानच्या बौद्ध संस्थेने मोफत वाटण्यासाठी छापून दिल्या. समुद्रापलीकडच्या माणसांना जे सुचले, ते आपल्याला आपल्याच आजोबांसाठी सुचू नये काय?

भगवंतांनी आपली शिकवण ज्याच्या त्याच्या भाषेत शिकावी, अशी मोकळीक दिली. ती शिकवण भिक्खूंनी आधी तोंडपाठ ठेवली, श्रीलंकेत ताडपत्रांवर लिहिली, चीनमध्ये लाकडी ठशांनी छापली. साधन दर वेळी बदलले, आणि दर वेळी कोणीतरी ते पुढच्या हाती दिले. आज रात्री घरी गेल्यावर विद्यार्थ्यांनी आजोबांना किंवा आजीला एकच प्रश्न विचारावा, "तुमचे मूळ गाव कोणते?" आणि फोन सुरू ठेवावा.